रस्त्यात राहिलेली चप्पल

त्या सकाळी आम्ही दोघं वाल सोलत बसलो होतो.

कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा. साल इकडं, दाणा तिकडं. मंजुळा, माझी बायको, वांगणीकडची. तिच्या माहेरी पाहुणा आला की वालाचं बिरडं ठरलेलं. आमच्या बदलापूरला कात्रपच्या फ्लॅटमध्ये गॅलरी म्हणजे चार कुंड्या आणि दोन माणसं बसतील एवढी जागा. तिथं परात मध्ये ठेवून आम्ही समोरासमोर.

"अहो, दाणा मोडताय तुम्ही. गाडीचा नट नाही तो."

"खायचाच आहे ना? मोडका काय, आख्खा काय."

"आख्खा दिसला तर बिरडं. मोडला की आमटी. एवढं कळत नाही आणि कोर्टात साक्षी देत होता म्हणे."

मग तिला आठवलं, घरात नारळ नाही. मी म्हटलं, मी आणतो. तर म्हणाली, तुम्ही गुडघे घेऊन कधी जाणार आणि कधी येणार. उठली, हात पुसले, पिशवी घेतली. मी म्हटलं, "हलवून आण हां. मागच्या वेळी खवट आणलास."

"मला शिकवा आता नारळ," म्हणाली आणि गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात गेला. निळ्या पट्ट्याच्या चपला. नव्या होत्या, म्हणून जरा जास्त वाजत.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं अपघाताच्या कामातले किस्से मागितले तेव्हा ती होती. म्हणाली, लिहा, नाहीतरी दिवसभर मलाच ऐकवता. किस्से लिहितो. पण शेवटचा किस्सा तिचा आहे. आणि त्यात एक माणूस माझ्या तोंडच्या शब्दामुळं कोठडीत गेला. ते सोडून बाकीचं लिहायला मला जमणार नाही.

मी चौथी शिकलेला. अंबरनाथला गॅरेजात पाने पुसत पुसत मिस्त्री झालो. इंजिन उघडायचं, चाक उतरवायचं, चेपलेला दरवाजा कापायचा, हे माझं काम. एकदा एक चक्काचूर झालेली जीप पोलिसांनी आमच्या गॅरेजच्या आवारात आणून टाकली. ती बघायला गुप्ते साहेब आले. पांढरा शर्ट घालून सरळ जीपखाली शिरले. बाहेर आले ते ऑइलनं भरलेले. मला म्हणाले, "मिस्त्री, हे चाक उघडाल का? पण हळू. आत जे जसं आहे तसं मला बघायचंय." मी हळू उघडलं. त्यांना ते आवडलं. तेव्हापासून ते निवृत्त होऊन पुण्याला लेकीकडं राहायला जाईपर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. ते इंजिनिअर, मी हात.

आमचं काम काय ते सांगतो. अपघात झाला की पोलीस पंचनामा करतात, आरटीओचा माणूस गाडी तपासून जातो. पण पुढं कोर्टात भांडण लागलं की प्रश्न येतो, नेमकं झालं काय? कोण कुठून आला, किती जोरात आला, ब्रेक मारला का, दिवा चालू होता का. ते शोधून काढणारे इंजिनिअर असतात. गणितं साहेब करायचे. मी टेप धरायचो, खडूनं खुणा करायचो आणि गाडी उघडून द्यायचो.

साहेबांची पद्धत अशी. गाडी जिथं थांबली तिथून सुरुवात करायची आणि उलटं चालत यायचं. थांबल्यापासून धडकेपर्यंत, धडकेपासून ब्रेकपर्यंत. लोकांना काय झालं ते आधी विचारायचं नाही, लोक गोष्ट रचून सांगतात. एकच विचारायचं, कुणी काय हलवलं? कारण आपल्याकडं अपघात झाला की माणसं धावतात. काच बाजूला करतात, मोटरसायकल उभी करून ठेवतात, पाणी ओततात. चांगल्या मनानं करतात, पण आमचा रस्ता पुसला जातो. आणि तिसरं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत त्या जागी जायचं. ऊन तेच असतं, गर्दी तीच असते, रोजची माणसं तिथंच असतात.

चपलेचं पण सांगून ठेवतो, पुढं लागणार आहे. पायी चालणाऱ्याला गाडीनं उडवलं तर माणूस पुढं फेकला जातो, पण चप्पल बहुतेक वेळा पायातून सुटून तिथंच आसपास राहते. म्हणून माणसाला कुठं धडक बसली ते चपलेवरून कळतं. मी किती चपलांभोवती खडूचा गोल काढलाय ते मोजलेलं नाही. लहान पोराची असली की साहेब म्हणायचे, गोल तुम्ही काढा, मी तोवर उन्हात उभा राहतो.

सगळंच काही रडण्यासारखं नव्हतं. उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एक नानकसेठ होते. कापडाचं दुकान. त्यांची उभी गाडी एक बस ठोकून पळाली, अशी तक्रार. आम्ही गेलो तर आधी पापड आणि पाणी. सिंध्यांकडं ते चुकत नाही, पापड खाल्ल्याशिवाय बोलणं नाही. पापड खाऊन आम्ही गाडी बघितली. मागचा बंपर आत गेलेला, त्यावर हिरवा रंग घासलेला. मी सहज दुकानामागं गेलो तर सेठच्या गोडाऊनचं फाटक. हिरवं. त्याला बरोबर बंपरच्या उंचीवर पोचा.

मी म्हटलं, "सेठ, बस का रंग लाल होता है."

सेठ म्हणाले, "साईं, कोई कोई बस हरा भी होता है."

"और आपके गेट को भी वही बस ठोक के गया?"

सेठनी माझ्याकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं आणि एवढे हसले की गल्ल्यावर बसलेला त्यांचा मुलगा उठून आला. बायकोला सांगितलं होतं की बसनं ठोकली, कारण बायकोनंच सांगितलं होतं की रिव्हर्स तुमच्याच्यानं होत नाही. तक्रार मागं घेतली. पण पुढं त्या रस्त्यानं गेलो की हाक मारून पापड द्यायचे. "वो हरा बस वाला आया," म्हणून नोकरांना सांगायचे.

ब्रेकचं तर विचारूच नका. दहा अपघातातले नऊ ड्रायव्हर म्हणतात, "ब्रेक फेल झाला." उरलेला म्हणतो, "मी ब्रेक मारला होता." बारवी धरणाच्या उताराला एक गाडी नाल्यात गेली होती. सहलीला निघालेलं कुटुंब. ड्रायव्हर घरचाच, रडून रडून सांगत होता, ब्रेक लागलाच नाही. मी चारही चाकं उघडली. ब्रेक ठणठणीत. साहेब म्हणाले, आत बघा. मी पॅडलखाली हात घातला तर पाण्याची प्लास्टिकची बाटली, चेपून पापड झालेली. सीटखालून घरंगळत आली आणि पॅडलखाली बसली. तो खरंच बोलत होता, ब्रेक लागला नव्हता. तेव्हापासून कुणाच्याही गाडीत बसलो की आधी पायाशी बघतो. तुम्हीही बघा.

आणि एक बल्बचा. अंबरनाथला एमआयडीसीच्या रस्त्यावर डंपरखाली मोटरसायकल आली. डंपरवाला म्हणाला, अंधारात बिनदिव्याचा आला, मला दिसलाच नाही. मोटरसायकलचा बल्ब फुटका होता, पण आतली तार शिल्लक होती. साहेबांनी भिंगातून मला दाखवली. दिवा पेटलेला असला की तार लाल, मऊ असते. धक्का बसला की ती ओढली जाते, सुटलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखी. दिवा बंद असला की तार थंड, कडक. ती तशीच राहते किंवा सरळ तुटते. ही तार ओढली गेलेली होती. म्हणजे दिवा चालू होता. कोर्टात ते सिद्ध झालं. बाहेर त्या मोटरसायकलवाल्याची बायको साहेबांपाशी आली. आम्हाला वाटलं पाया पडेल की काय. तिनं विचारलं, "दिवा चालू होता, मग त्याला दिसला का नाही हो?"

 

असल्या ठिकाणाहून घरी आलो की मंजुळा मला दारातच थांबवायची. तांब्याभर पाणी पायावर ओतायची, चपला बाहेर ठेवायला लावायची आणि एकच विचारायची, "वाचलं का कुणी?" गाडी कुठली, चूक कुणाची, तिला काही पडलेलं नसायचं. वाचलं का कुणी. नाही म्हटलं की गप्प. हो म्हटलं की चहा टाकायची.

एकदा साहेबांच्या भाच्याचा अपघात झाला. सगळे म्हणाले, साहेब, तुम्हीच बघा. साहेबांनी नकार दिला, दुसऱ्या इंजिनिअरला बोलावलं. मी विचारलं का. म्हणाले, "घरचं माणूस असलं की आपण मापं घेत नाही मिस्त्री, दोषी शोधतो." मला तेव्हा ते जरा जास्तच वाटलं. रस्ता तो रस्ता, माप ते माप.

आता त्या सकाळचं.

ती गेली आणि मी वाल सोलत राहिलो. खालून ब्रेकचा आवाज आला. मी आयुष्यभर ब्रेकच्या आवाजावर जगलेला माणूस. गॅलरीतून रस्ता दिसत नाही, मधे समोरची इमारत येते. आवाज ऐकून मी मनात म्हटलं, टेम्पो आहे, लोड आहे. आणि दाणा सोलला. हे मला अजून समजत नाही. मी दाणा सोलला.

मग खालून कुणीतरी वर बघून ओरडलं, "मिस्त्रीकाका! आजी! आजी!"

मी पोचलो तेव्हा तिला रिक्षात घालून नेलं होतं. मी दुसऱ्या रिक्षानं मागं गेलो. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी माझ्याकडं न बघता माझ्या मुलाला, दिनेशला फोन लावायला सांगितलं. तेव्हाच मला कळलं. अंगावर एवढीशी जखम नाही. मागं डोक्याला लागलं होतं. एका पायात निळी चप्पल, दुसरा पाय मोकळा. नर्स ती चप्पल काढायला लागली तर मी म्हटलं, राहू द्या. ती म्हणाली, बाबा, काढावीच लागते. मी तिथं उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच होतं, दुसरी कुठं आहे.

दिनेश आला. शवविच्छेदनाचे कागद, सह्या, ते तो करायला लागला. मी त्याला न सांगता निघालो आणि परत रस्त्यावर आलो.

लोक म्हणतील, काय माणूस आहे. बायको तिकडं आणि हा रस्ता बघायला गेला. मला दुसरं काही येत नाही.

टेम्पो तिथंच उभा होता. पाण्याचे जार पोचवणारा. म्हात्रे हवालदार पंचनाम्याला आलेले. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तिन्हीकडचे जुने पोलीस मला ओळखतात. म्हात्रे पुढं आले, माझा हात धरला. "मिस्त्री, तुम्ही कशाला आलात? जा घरी."

मी म्हटलं, "बघू द्या."

टेम्पोचा ड्रायव्हर पोलिसांच्या गाडीत बसलेला. तिशीचा असेल. नाव रमेश, बारवीकडच्या पाड्यावरचा. लोकांनी मारलं होतं, भुवई फुटलेली, शर्टाची बाही हातात आलेली. मला बघून कुणीतरी त्याला सांगितलं असणार, कारण तो खाली उतरायला लागला. "काका, मी ब्रेक मारला होता. आधी मारला होता, काका. देवाशप्पथ."

मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात."

आणि चालायला लागलो. टेम्पोपासून उलटा. सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा पट्टा फिका असतो, वाकून तिरकं बघावं लागतं. मला दिसला. टेम्पोच्या मागच्या चाकापासून मागं मेडिकलच्या दुकानापर्यंत. तिथं ब्रेक मारला होता. मग मी चप्पल शोधली. ती पट्टा सुरू होण्याच्याही मागं होती, रस्त्याच्या कडेला, भाजीवाल्यांच्या टोपल्यांपाशी. निळी. नीट सरळ.

म्हणजे धडक आधी आणि ब्रेक नंतर. म्हणजे ती रस्त्याच्या मधेही नव्हती, कडेला होती. म्हणजे त्याचं लक्षच नव्हतं. मोबाईलवर असणार. उडवल्यावर भानावर आला आणि मग ब्रेक. मी म्हात्र्यांना तसं सांगितलं, बोट दाखवून, जसं साहेब सांगायचे तसं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाले, "तुम्ही सांगितलं म्हणजे झालं." रमेश सगळं ऐकत होता. तो त्या पट्ट्याकडं बघत राहिला.

मी आणखीही काही बघितलं होतं. टेम्पोच्या बंपरला जेमतेम पोचा होता. जोरात धडक असली तर बॉनेट आत जातं. मागचे जार सगळे सरकून केबिनला येऊन टेकले होते, म्हणजे ब्रेक करकचून मारलेला. दुभाजकापाशी एक नारळ पडला होता, फुटलेला, आणि त्याखालचं सिमेंट कोरडं होतं. हे सगळं मी बघितलं. बघून सोडलं. मला चप्पल पुरेशी होती.

दुपारनंतर नदीवरच्या स्मशानात सगळं झालं. दिनेशनं अग्नी दिला. घरी आलो तर मी दारात थांबलो. सवयीनं. सून स्वाती आतून म्हणाली, "अण्णा, या ना आत." मी तसाच उभा. मग शेजारच्या वहिनींनी पायावर पाणी घातलं. कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी पुण्याहून साहेबांचा फोन आला. दिनेशनं कळवलं होतं. साहेब आता नीट बोलत नाहीत, वय झालं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. पट्टा, चप्पल, ड्रायव्हर आत आहे. मला वाटलं, शाबास म्हणतील.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, कुणी काय हलवलं, विचारलंत का?"

मी म्हटलं, "साहेब, माझी बायको गेलीय." आणि फोन ठेवला.

दिनेश शेजारीच होता. म्हणाला, "अण्णा, त्याला सोडायचं नाही. तुम्ही पंचनाम्यात सांगितलंय ना, बस. त्याचं लायसन, गाडी, सगळं गेलं पाहिजे." मी हो म्हटलं. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली होती, ती तशीच राहिली. गॅलरीत परात तशीच होती, अर्धे वाल सोललेले, अर्धे सालासकट. पाण्याला वास यायला लागला होता. स्वातीनं उचलायला हात घातला तर मी ओरडलो.

सकाळी मी चपला घातल्या. दिनेशची मावशी दारात आडवी आली. "अण्णा, सुतकात कुठं निघालात?"

मी म्हटलं, "त्याच वेळेला जायचं असतं." तिला काय समजलं माहीत नाही. तिनं वाट सोडली.

रस्ता रोजच्यासारखा चालू होता. रिक्षा, शाळेच्या बस, पाण्याचे टेम्पो. कडेला भाजीवाल्या आपापल्या जागेवर. तिथं भानूबाई बसते, वांगणीच्या पलीकडच्या पाड्यावरची. शेवग्याच्या शेंगा, केळफुलं, नारळ. मंजुळा तिच्याकडूनच घ्यायची, माहेरच्या वाटेवरची म्हणून. मला बघून भानूबाई उठून उभी राहिली. पदर तोंडाला लावला. रडून झालं. मग टोपलीच्या मागून एक नारळ काढला आणि माझ्यापुढं धरला.

"बाबा, ह्यो घिऊन जा. आजींना बदलून द्यायचा ऱ्हायला."

मला कळेना. "काय बदलून?"

"काल मी दिला त्यात पाणी नव्हतं. आजींनी हितं हलवून बघितलाच नाय, बोलण्यात राहिल्या. घेतला नि निघाल्या. अर्ध्या रस्त्यात जाऊन कानाला लावला आनि तिथनंच वरडल्या, 'भानू, ह्यात पाणी नाय गं! घरी मला बोलतील!' आनि फिरल्या माघारी. टेम्पो येत व्हता. त्यानं लय जोरात ब्रेक दाबला बाबा, लय जोरात. पर त्या त्याच्याच पुढ्यात फिरल्या. मागच्या मागं पडल्या."

मी तिथं उभा होतो. 

मग मी विचारलं. चोवीस तास उशिरा. "भानूबाई, चप्पल कुठं होती तिची?"

"रस्त्यात. मधी. मानसं धावली नि तुडवायला लागली. मेलेल्या मानसाची चप्पल तुडवू नये. मी उचलली नि हितं, माझ्या टोपलीपाशी सरळ करून ठिवली. चुकलं का काय माझं?"

मी म्हटलं, "नाही."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकला तो, ज्याला हा प्रश्न विचारायचं काम आयुष्यभर शिकवलं होतं.

भानूबाईला म्हटलं, नारळ ठेव, मी येतो. आणि पोलीस ठाण्यात गेलो. म्हात्रे हवालदार चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. दार लोटून घेतलं.

"मिस्त्री, जरा ऐका. तुमच्या बाजूनं लिहिलेलं आहे. तुमच्या मुलानं पण वकील बघितलाय. आता तुम्हीच म्हणताय की वहिनी रस्त्यात मागं फिरल्या?"

"फिरली."

"म्हणजे चूक त्यांची धरायची?"

"चूक कुणाची ते तुम्ही धरा. चप्पल मधे होती आणि ब्रेक आधी मारला होता, एवढं लिहा."

"पोरगा तुमचा काय म्हणेल?"

"बोलेल."

तो बोललाच. ठाण्यातूनच फोन केला त्याला. पलीकडून एकदम, "अण्णा, आईला तुम्ही दोषी ठरवताय? एका चपलेवरून? तिथं तुम्ही होतात का?" मी म्हटलं, नव्हतो. मी वाल सोलत होतो. त्यानं फोन ठेवला. अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाही. बोलेल किंवा नाही.

कोठडीसमोरून गेलो तेव्हा रमेश भिंतीला टेकून बसला होता. भुवईवर पट्टी. मला बघून उठला नाही. मी गजापाशी थांबलो. म्हटलं, "तू ब्रेक आधी मारला होतास." त्यानं मान हलवली. मला वाटलं काहीतरी म्हणेल, शिवी तरी देईल. तो रडायला लागला, आवाज न करता. मला मंजुळा आठवली, दारात तांब्या घेऊन उभी.

म्हात्रे मला गाडीत घालून परत रस्त्यावर घेऊन आले. भानूबाईला पुढं बोलावलं. तिनं रस्त्याच्या मधोमध, पट्टा सुरू होतो तिथून बऱ्याच पुढं, बोट दाखवलं. "हितं. हितं व्हती." एका शिपायानं रिक्षा थांबवल्या. म्हात्र्यांनी त्याला विचारलं, खडू आणलाय का रे. त्यानं खिसे चाचपले.

माझ्या शर्टाच्या खिशात खडू असतो. निवृत्त झालो तरी असतो, मंजुळा कपडे धुताना त्यावरून रोज बोलायची. मी खाली बसलो, गुडघ्यानं त्रास दिला, पण बसलो, आणि भानूबाईच्या बोटाखाली गोल काढला. आत काही नव्हतं. नुसतं सिमेंट. थांबलेल्या रिक्षांमधून कुणी हॉर्न वाजवला नाही.

म्हात्र्यांनी पुरवणी जबाब तिथंच लिहिला आणि मी मेडिकलच्या पायरीवर बसून सही केली. मला उठवायला त्यांनी हात दिला.

मग मी भानूबाईच्या टोपलीपाशी गेलो. तिनं नारळ माझ्या हातात दिला. मी तो तिथंच, कडेला उभं राहून, कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं. मग दोन्हीकडं बघितलं आणि रस्ता ओलांडून घरी आलो.